सेन्सॉर मामी आणि नळाची फिल्म

१९८६ च्या गणेशोत्सवात अंबरनाथ पूर्वेला, आमच्या चाळीच्या पटांगणात, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर सिनेमा चालू असताना प्रेक्षकांतून एक बाई उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबून सिनेमा थांबवला. वीज गेलेली नव्हती, कॅसेटही अडकलेली नव्हती. पडद्यावर नायक न्यायालयात भाषण करत होता. त्याचा हात वर तसाच राहिला आणि चेहऱ्यावरून एक पांढरी आडवी रेघ थरथरत राहिली.

"हे कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"हीरो बोलतोय, मामी! बसा खाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"हीरो गोदीत पोती उचलतो. मघाशी त्याला पाकिटावरचा पत्ता वाचता येत नव्हता. आता कायद्याची कलमं सांगतोय. तोंड त्याचं आहे, ते मला दिसतंय. बोलतंय कोण?"

शिट्ट्या सुरू झाल्या. मंडळाचा अध्यक्ष सुऱ्या धावत पुढे आला. "मामी, मशीन भाड्याचं आहे हो. हात नका लावू."

"लावला. बिघडलं का? मग सांग."

"पिक्चर लिहिणारा बोलत असेल. आपल्याला काय करायचंय?"

"एवढंच पाहिजे होतं. लिहिणारा बोलतोय. आता लाव पुढे."

सिनेमा पुढे लागला. नायक निर्दोष सुटला. त्या वेळी टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या, असं तिथे हजर असलेले काहीजण पुढे अनेक वर्षं सांगत.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत त्यांचं नाव सेन्सॉर मामी पडलं. ते त्यांना कधीच पसंत नव्हतं. "सेन्सॉर कापतो," त्या म्हणत. "मी काय कापलं? मी फक्त विचारते." नाव मात्र टिकलं. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने घर शोधत असे.

नात्याने त्या चाळीत कोणाच्याच मामी नव्हत्या. त्यांचे यजमान कारखान्यात फिटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून या मामी. माहेर बदलापूरहून बारवीकडे जाताना लागणाऱ्या एका गावातलं. शाळा सातवीपर्यंत झालेली. घरी ब्लाउज शिवून देत. बोलणं शहरी झालेलं होतं, पण तापल्या की 'नाही'चं 'नाय' होई, आणि त्यावरून चाळ ओळखत असे की आता मामींशी वाद घालायचा नाही. मामा त्यांच्या अगदी उलट. त्यांना मारामारी आवडायची. सिनेमात पहिला ठोसा पडला की ते मांडी बदलून बसत, आणि भाषण सुरू झालं की डुलकी काढत. "मला हिच्यापेक्षा जास्त कळतं," ते म्हणत. "जे झोपून ऐकता येतं ते खोटं."

पुढच्या वर्षी मंडळाने ठराव केला. मामींना अडवणं शक्य नाही हे सगळ्यांना कळलं होतं, म्हणून त्यांना एका सिनेमामागे एकदा थांबवण्याची परवानगी देण्यात आली. या प्रकाराला चाळीत 'मामींचा थांबा' म्हणत. थांबा वापरला की मामी खाली बसत आणि उरलेला सिनेमा मुकाट्याने बघत, म्हणून तो कुठे वापरायचा याचा त्या नीट विचार करत. प्रेक्षकही करू लागले. थांबा मध्यंतराआधी येणार की नंतर, यावर वडापावच्या पैजा लागत. सुऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षांत गर्दी वाढली, ती सिनेमासाठी नव्हे.

व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही उल्हासनगर कॅम्प एकमधून येई. तिथल्या व्हिडिओ लायब्ररीचे सिंधी मालक मशीन रिक्षात मांडीवर घेऊन स्वतः येत आणि सिनेमा संपेपर्यंत बसून राहत. सगळे त्यांना शेठ म्हणत. मामींशी त्यांचं जमलं. "मामी, इस पिक्चर में आपका थांबा किधर है, मला अगोदर सांगा," ते म्हणत. "मी कॅसेट तिथंच आणून लावतो. टाइम वाचेल सगळ्यांचा."

एकदा एका सिनेमात एक सिंधी व्यापारी आला. तराजूत अंगठा दाबणारा, कनवटीची नोट तीनदा मोजणारा, विचित्र हेल काढून बोलणारा. पटांगण हसत होतं. मामींनी तिथे थांबा वापरला. त्या नुसत्या शेठकडे बघत राहिल्या. हळूहळू सगळेच शेठकडे बघू लागले.

"छोडो ना मामी," शेठ म्हणाले. "कॉमेडी आहे. मी पण हसलो."

"तुम्ही हसलात ते बघितलं. कसे हसलात तेही बघितलं."

शेठ उठून टेबलापाशी गेले. मग म्हणाले, "हमारे लोग पिक्चर में सिर्फ दुकान पे बैठते हैं, मामी. फाळणीच्या गाडीतून उतरताना, कॅम्पच्या बराकीत राहताना कोणी दाखवत नाही. चला, पुढे लावू?" त्यांनी स्वतःच बटण दाबलं. त्यानंतर चाळीत शेठची नक्कल कोणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मामी दर वेळी बरोबर असत, असं नाही. एका सिनेमात मोर्चाचं दृश्य होतं आणि मोर्चातले सगळे झेंडे एका ठराविक पक्षाच्या रंगाचे दिसत होते. मामींनी सिनेमा थांबवला आणि रंगावरून बरंच सुनावलं. पैसे कुठून आले असतील, निवडणूक जवळ आली आहे, गोष्टीत गरज नसताना झेंडा कसा घुसवतात, असं सगळं. लोक माना डोलावत होते. शेठ उठले, टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी रंगाचं बटण थोडं फिरवलं. झेंडे पांढरे झाले. नायिकेचं तोंडही मघापासून त्याच पक्षाचं होतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

पटांगण इतकं हसलं की पुढची दोन गाणी कोणाला ऐकू आली नाहीत. मामीही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी, नवा सिनेमा लागण्याआधी, त्या उठून उभ्या राहिल्या. "काल मी जे बोलले ते चूक होतं. बटण बिघडलेलं होतं आणि मी नीट बघितलं नव्हतं. कोणी माझं ऐकून तसं धरून बसलं असेल तर सोडून द्या." एवढं बोलून बसल्या. त्यानंतर थांबा घेण्याआधी त्या शेठना विचारत, "रंग बरोबर आहे ना?"

घरी त्यांच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता. त्याला सरकती लाकडी दारं होती आणि कुलूप होतं. टीव्ही थांबवता येत नसे, म्हणून तिथे मामी टीव्हीशी बोलत. त्या काळच्या मालिकांमधून छोटं कुटुंब, बचत, साक्षरता, हुंडा असे विषय येत. त्या विषयांना त्यांचा विरोध नव्हता. "औषध आहे तर औषध म्हणून द्या, चमच्याने घेईन. पेढ्यात घालून का देता?" असं त्यांचं म्हणणं होतं. त्याहून मोठी तक्रार वेगळी होती. "गावातली बाई बारा भाग मूर्ख असते. तेराव्या भागात शहरातून कोणीतरी येतं आणि ती शहाणी होते. मधले बारा भाग तिचं घर कोण चालवत होतं?"

बातम्यांत पुढारी फीत कापत असला तर त्या कात्रीचं तबक धरलेल्या मुलीकडे बघत. तिला किती वेळ उभं केलं असेल, याचा अंदाज करत. सिनेमातही त्यांची नजर अशाच ठिकाणी असे. नोकराला आडनाव आहे का, चहा कोण आणतं, दंगलीत कोणाचं घर जळालं आणि पुढच्या दृश्यात ते घर पुन्हा दिसलं का. "मोठ्या माणसांची भाषणं लिहून दिलेली असतात," त्या म्हणत. "बाजूचं माणूस सांभाळायला कोणाला वेळ नसतो. खरं काय ते तिथून कळतं."

एकच मालिका त्यांनी वाखाणल्याचं आठवतं. तिच्या एका भागात सरपंच झालेली बाई गावाच्या सभेत हरते, घरी येते आणि कणीक मळायला बसते. कोणी भाषण करत नाही, कोणी समजूत काढत नाही. भाग संपला तेव्हा मामींनी टीव्ही बंद केला, दारं सरकवली आणि म्हणाल्या, "ह्यात थांबवण्यासारखं काय नव्हतं." त्यांच्याकडून मिळू शकणारी ही सर्वांत मोठी शाबासकी होती.

त्यांचं जे मत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, ते त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या एका गणपतीत मांडलं. सिनेमात पांढऱ्या कपड्यातला मंत्री खलनायक होता. शेवटी पोलीस नायक भर सभेत त्याला गोळी घालतो. पटांगणात टोप्या उडत होत्या, आणि मामींनी नेमका तिथे थांबा घेतला.

"टाळी कशाला वाजवली?"

"मंत्र्याला उडवला ना, मामी!" सुऱ्या म्हणाला.

"उडवला. सुरुवातीला बाया हंडे घेऊन त्याच्या बंगल्यावर गेल्या होत्या. गावात पाणी नव्हतं. त्या बायांचं काय झालं?"

कोणालाच आठवेना. सुऱ्याने कॅसेट मागे नेऊ का विचारलं.

"मागे नको नेऊ. त्या पुढे कुठेच नाहीत. मंत्री मेला, पाणी आलं का?"

"मामी, सगळे पुढारी चोर असतात, हेच तर दाखवलंय ना!"

"म्हणूनच सांगते. सगळे चोर असं एकदा ठरलं की आपण घरी जाऊन झोपायला मोकळे. चोराकडे नळ मागायला कोण जातं? हा पिक्चर पुढाऱ्यांच्या विरुद्ध नाय. त्यांच्या सोयीचा आहे."

पुढे काही वर्षांनी मी एका स्थानिक साप्ताहिकासाठी अंबरनाथ-बदलापूरच्या बातम्या पाठवू लागलो. मामी अंक वाचून ठेवत आणि मी दिसलो की हाक मारत. एका प्रचारसभेच्या माझ्या बातमीत 'मैदान भरून गेले होते' असं वाक्य होतं. "मैदान कशाने भरलं?" त्यांनी विचारलं. "माणसं चालत आली की ट्रकने? ट्रक कुठे उभे होते?" तेव्हापासून सभेला जाताना मी आधी मैदानामागचा रस्ता बघतो. संपादकांनी हे मला कधी शिकवलं नव्हतं. चूक झाली तर पुढच्या अंकात, तितक्याच मोठ्या आवाजात, उभं राहून सांगायची असते, हेही मी वृत्तपत्रात शिकलो नाही. मामींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे ऋण लिहून ठेवायचं राहिलं होतं.

नळाच्या फिल्मचं प्रकरण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका स्थानिक निवडणुकीच्या वेळी घडलं. चाळीला एक सामाईक नळ होता. पाणी कमी दाबाने येई, एखाद्या दिवशी येतच नसे. मग बायका मुख्य रस्त्यावरच्या नळावर जात. मोठ्या जोडणीसाठीचा अर्ज पडून होता. प्रभागातल्या एका उमेदवाराने, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, प्रचारासाठी एक व्हिडिओ फिल्म करायचं ठरवलं. ती केबलवर आणि मैदानात पडद्यावर दाखवायची होती. त्यात चाळीतल्या नळावरचं एक दृश्य होतं. फिल्म झाली की जोडणीचं काम पहिल्या यादीत येईल, असं भाऊंच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं. त्या कार्यकर्त्यांत आता सुऱ्याही होता.

बोलायचं कोणी, यावर वाद झाला नाही. शेजारच्या खोलीतल्या नंदावहिनी म्हणाल्या, "मामी, तुम्हीच बोला. आमची कॅमेऱ्यासमोर बोबडी वळेल." मामींनी एक अट घातली: जे बोलेन ते माझं बोलेन. ती मान्य झाली.

शूटिंगच्या दिवशी सकाळी टँकर आला आणि चाळीच्या गच्चीवरची टाकी भरली गेली. नळाला धो-धो पाणी आलं. शूटिंग करणारा उल्हासनगरचा होता, लग्नाच्या कॅसेट करणारा, त्या भागात नाव असलेला. त्याने नंदावहिनींना हंडा भरून हसत चालत जायला सांगितलं. नंदावहिनी चालल्या आणि ऐन वेळी त्यांनी कॅमेऱ्यात बघितलं.

"वहिनी, इकडे बघायचं नाही हो. परत घ्या!"

"सवय नाही ना, दादा."

भरलेला हंडा घरात गेला, रिकामा हंडा आला. पुन्हा शूटिंग, पुन्हा नंदावहिनींची नजर कॅमेऱ्याकडे. मग दुसरी बाई उभी राहिली, तिचा पदर सुटला. तिसरीला शिंक आली. चौथी नळ बंद करायलाच विसरली आणि कळशी वाहू लागली, ती दुसरीने पटकन सरकवून आपली लावली. दुपारपर्यंत चाळीतली पिंपं, बादल्या, कुकर, लोट्या, एवढंच काय मामांची दाढीची वाटीसुद्धा भरली होती. शूटिंगवाला घामाघूम झाला होता. "ऐसी बेकार अॅक्टिंग मैंने लाइफ में नहीं देखी," तो म्हणाला. सगळी भांडी भरल्याचं नक्की झाल्यावर नंदावहिनी एकदाच चालल्या आणि ते दृश्य पहिल्याच खेपेला उत्तम झालं.

शेवटी मामी बोलल्या. मी तिथे होतो. त्यांचे शब्द असे: "आज टँकर आला म्हणून पाणी आहे. असं रोज आलं तर भाऊंचं नाव घेऊ. नाही आलं तर भाऊंच्या दारात येऊ."

"एकदम फर्स्ट क्लास, मामी," शूटिंगवाला म्हणाला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मैदानात फिल्म दाखवली गेली. लग्नाच्या कॅसेटमध्ये असतो तसा बदामाचा आकार पडद्यावर उमलला आणि त्यात मामींचा चेहरा आला. ओठ हलले. आवाज मात्र एका वेगळ्याच बाईचा, गोड आणि पातळ. ती म्हणत होती की भाऊंनी माताभगिनींच्या दारात गंगा आणली आणि आता आमचे हाल संपले. मागे सनई वाजत होती. आधी लोक हसले, मग टाळ्या पडल्या. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "तू छान दिसतेस." मामी पडद्यावरचे आपले ओठ बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला बरोबर घेऊन शूटिंगवाल्याच्या दुकानी गेल्या. त्याला तक्रार काय आहे हेच आधी कळेना. "मामी, लग्नाच्या कॅसेटमध्ये कोणाचा आवाज ठेवतो का आम्ही? मूल रडतं, कुत्रं भुंकतं. आवाज काढायचा, गाणं टाकायचं. इथं गाण्याच्या जागी बोलणं टाकलं."

"माझं बोलणं कुठंय?"

"त्या कॅसेटवर दुसरं लग्न घेतलं."

त्याने आवाज कोणाच्या सांगण्यावरून पुसला नव्हता, हे मी नंतर दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतलं. गोड आवाजातला मजकूर भाऊंच्या कार्यालयातून आला होता. आवाज पुसण्याची मात्र त्याची नेहमीची पद्धत होती.

परतताना मामींनी एक गोष्ट सांगितली. त्या लहान असताना गावात एका खात्याची गाडी आली होती, सुधारित भातशेतीवर फिल्म करायला. त्या वर्षी त्यांच्या वडिलांचं भात गेलं होतं. त्यांना दुसऱ्याच्या शेतात उभं करून हातात कणसं दिली आणि हसायला सांगितलं. नंतर गावात पांढऱ्या कापडावर फिल्म दाखवली, तेव्हा वडील फार खूश झाले. "पहिल्या वर्षी म्हणायचे, शेत शेजाऱ्याचं होतं. दुसऱ्या वर्षी त्या विषयावर बोलायचेच नाय. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांना सांगायला लागले, त्या साली आपलं भात बघण्यासारखं होतं. खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवायला लागलं होतं." मग म्हणाल्या, "लोक फसतात ते ठीक आहे. उद्या मी स्वतः सांगायला लागले, पाणी आलं होतं, तर?"

तसं होऊ लागलेलं होतं. नळावर बायका एकमेकींना सांगत होत्या की शूटिंगच्या दिवशी कसं पाणी आलं होतं. टँकरचा उल्लेख गळला होता. मामींनी आठवण करून दिली, तेव्हा नंदावहिनी चिडल्या.

"मामी, हात जोडते, गप्प बसा. एकदा जोडणी होऊ दे, मग काय बोलायचं ते बोला."

"मग कोण ऐकणार, नंदा?"

"नाही ऐकलं तर नाही ऐकलं! रस्त्यावरच्या नळावरून कळश्या आणून माझ्या धाकटीची पाठ गेलीये. तुमचा आवाज मोठा की तिची पाठ?"

मामी म्हणाल्या, "ह्याला माझ्याकडे जबाब नाय."

मतदानाच्या आधी फिल्म पुन्हा एकदा मैदानात दाखवली गेली. भाऊ स्वतः पहिल्या रांगेत होते. मशीन सुऱ्या चालवत होता. बदामात मामींचा चेहरा आला, तशा त्या उठल्या.

"सुऱ्या, थांबव."

सुऱ्याने भाऊंकडे बघितलं. भाऊंनी मान हलवली. पडद्यावर मामी तोंड उघडून थांबल्या आणि खाली मामी माईकपाशी गेल्या.

"ही मी आहे. हा आवाज माझा नाय. मी काय बोलले होते ते सांगते." त्यांनी ती तीन वाक्यं जशीच्या तशी म्हटली. "मत कोणाला द्यायचं ते मी सांगत नाय, ते तुमचं तुम्ही बघा. लाव पुढे."

भाऊ हसत उभे राहिले. "मामी, पाणी नाही आणलं तर माझ्या दारात या. चहा तयार ठेवतो." लोकांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. नंदावहिनी मुलीचा हात धरून निघून गेल्या.

भाऊ निवडून आले. जोडण्यांच्या पहिल्या यादीत चाळीचं नाव नव्हतं. कार्यालयातून पाइप कमी असल्याचं कारण देण्यात आलं. चाळीतल्या लोकांच्या मते कारण मामी होत्या. दोन्हींपैकी काहीही सिद्ध झालं नाही. मामी दर महिन्याच्या पाच तारखेला भाऊंच्या दारात जात आणि चहा पिऊन परत येत. पहिल्या काही वेळा त्यांच्याबरोबर एकटे मामा असत. मग हळूहळू इतर बायका जाऊ लागल्या. नंदावहिनी गेल्या नाहीत. त्या मामींशी बोलतही नव्हत्या, आणि ब्लाउज दुसरीकडून शिवून घेत होत्या.

मामा निवृत्त झाल्यावर मुलाने बदलापूरला घर घेतलं. सामान टेम्पोत चढत असताना नंदावहिनी बाहेर आल्या. आम्ही काहीजण तिथे उभे होतो.

"मामी, त्या दिवशी तुम्ही बोललात ते खरं होतं," नंदावहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही जाताय म्हणून सांगते, माझा राग गेलेला नाही."

"राहू दे," मामी म्हणाल्या. "खरा आहे तोवर राहू दे. आणि पुढच्या पाच तारखेला भाऊंकडे तू जा. मी नसेन."

नंदावहिनी त्या पाच तारखेला गेल्या. त्यानंतरही जात राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर चाळीतल्या बहुतेक सगळ्या बायका.

मोठी जोडणी पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी झाली. ती आपल्यामुळे झाली, असं सांगणारी दोन पत्रकं निघाली, एक भाऊंचं आणि एक त्यांच्या विरोधकांचं. दोन्ही पत्रकं घेऊन नंदावहिनी बदलापूरला गेल्या. मामींची दृष्टी तोपर्यंत अधू झाली होती, म्हणून त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. मामींनी दोन्ही पूर्ण ऐकून घेतली आणि पाणी किती वेळ येतं ते विचारलं. सकाळी दीड तास, चांगल्या दाबाने, असं नंदावहिनींनी सांगितलं. त्या दिवशी त्या मामींकडेच जेवल्या.